बेघर कोणाला म्हणता?

ब्लँडिंगच्या लाँड्रीत बाकावर बसून मी ड्वेनच्या पायजम्यांच्या घड्या घालत होते. समोरच्या मशीनपाशी एक बाई बराच वेळ माझ्याकडे बघत उभी होती. मला वाटलं, जागेची वाट बघतेय. म्हणून म्हटलं, "झालंच हं माझं." तशी ती जवळ आली, एक कागदी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "देव तुम्हाला विसरलेला नाही."

पिशवीत सूपचे डबे होते, बीन्सचे डबे होते आणि लोकरीच्या मोज्यांचा एक जोड होता. जून महिन्यात, युटाच्या वाळवंटात, लोकरीचे मोजे!

"तुमची काहीतरी चूक होतेय," मी म्हटलं.

"लाजू नका हो. मी पाहिलाय तुमचा व्हिडिओ. दोनदा रडले. माझी बहीणसुद्धा रडली."

"कसला व्हिडिओ?"

तिने फोन काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

गूझनेक्सचा कडा होता. खाली नदी वेटोळी घालत गेलेली, आणि कड्यावर घडीच्या खुर्चीत पाठमोरा बसलेला माझा नवरा. मागे पियानो वाजत होता. आम्ही तिथे होतो तेव्हा कुठला पियानो? नुसता वारा होता आणि शेजारच्या ग्लेंडाचा पोपट त्या वाऱ्याला शिव्या देत होता. मग ड्वेनचा आवाज आला, "घराची आठवण येते. रोज येते." आणि मग मी. घमेल्यावर ओणवी होऊन, किटलीतलं पाणी डोक्यावर ओतून केस धुणारी मी. मानेला चिकटलेल्या बटा, खांद्यावर विटका टॉवेल. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आयुष्यभर राबले, आज डोक्यावर छप्पर नाही.

छप्पर नाही! अहो, त्याच चित्रात माझ्या मागे छप्पर दिसत होतं. त्याच्यावर सोलर पॅनल आहेत, एसी आहे, आणि मागच्याच हिवाळ्यात ड्वेनने ते स्वतःच्या हाताने पांढरं रंगवलंय. मी बाहेर केस धुते कारण मला उन्हात केस धुवायला आवडतं, आणि आतल्या टाकीतलं पाणी जपून वापरायचं असतं. गाडीत राहणारं प्रत्येक माणूस हे जाणतं. तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला होता, आणि त्या लाखांना वाटत होतं की मी गटाराच्या कडेला अंघोळ करतेय.

मी पिशवी त्या बाईला परत द्यायला गेले, तर ती मागे सरली. "राहू दे, राहू दे," म्हणाली आणि ओले कपडे तसेच उचलून निघून गेली. मी ते डबे लाँड्रीच्या खिडकीत मांडले, मोजे त्यांच्यावर ठेवले आणि पायजम्यांचा गठ्ठा काखोटीला मारून बाहेर पडले. माझे कान तापले होते.

आता आम्ही कोण ते सांगते. मी मार्लिस. नॉर्थ डकोटातल्या वॉपेटनला शाळेची बस चालवायचे. बर्फात, धुक्यात, सगळ्या ऋतूंत, आणि एकदाही गाडी खड्ड्यात घातली नाही. ड्वेन तिथल्याच बीटाच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होता. आमच्या गावी जमीन इतकी सपाट की कुत्रं पळून गेलं तर दुसऱ्या दिवशीसुद्धा दिसतं. दोघांनी डोंगर पाहिले होते ते कॅलेंडरवर. नोकऱ्या संपल्यावर एका संध्याकाळी ड्वेनच म्हणाला, "मार्लिस, हे घर आपल्याला सांभाळतंय की आपण त्याला?" आम्ही घर विकलं, ही मोटरहोम घेतली आणि निघालो. कोणी काढलं नव्हतं आम्हाला. कर्ज नव्हतं, आजारपण नव्हतं. आम्हाला बघायचं होतं, म्हणून निघालो.

गाडी मी चालवते. कॅम्पग्राउंडवर पोचलो की ड्वेन खाली उतरून हातवारे करतो आणि मी उलटी घेते. त्याचा 'डावीकडे' म्हणजे त्याचा डावा की माझा, यावरून आमचं जेवढं भांडण झालंय तेवढं पैशावरून कधी झालं नाही. मग चाकांखाली फळ्या सरकवून गाडी सपाट करायची, कपाटांच्या कड्या काढायच्या, कॉफी ठेवायची, आणि दार उघडलं की समोर रोज वेगळं अंगण. झायन नॅशनल पार्कला हरणं दारात येऊन गेली. एकदा ब्राइसला मेमध्ये बर्फ पडला, तर ड्वेन खिडकीशी बसून हसत होता, "हा बर्फ मला उपसायचा नाहीये!" असं आमचं आयुष्य. याला कोणी 'छप्पर नाही' म्हणावं?

हा उद्योग कोणी केला ते कळायला मला लाँड्रीच्या दारापासून गाडीपर्यंतही जावं लागलं नाही. कोल्बी आणि टीगन. गूझनेक्सला आमच्या शेजारी नवीकोरी व्हॅन लावून राहिलेलं तरुण जोडपं. आत सगळं लाकडी, एक गिटार, आणि खायला नुसत्या बिया. तिसऱ्या दिवशी त्यांचा गॅस संपला तेव्हा मी त्यांना माझ्या ओव्हनमधले दालचिनीचे गरम रोल दिले. दोघं आमच्या टेबलाशी बसून बोटं चाटत खात होती. "मार्लिस, तुम्ही ग्रेट आहात!" ती मुलगी म्हणाली होती. कोल्बी ड्वेनजवळ खुर्ची ओढून तासभर गप्पा मारत बसला होता. मला कौतुक वाटलं होतं की बघा, आजकालची मुलं म्हाताऱ्यांचं ऐकून घेतात. ऐकून घेतात! माझ्याच हातचं खाऊन माझंच प्रदर्शन मांडलं.

गाडीत येऊन बसते तोवर फोन वाजला. आमची लेक जोलीन. फार्गोला असते.

"आई, हे काय चाललंय?" ती रडत होती. "ऑफिसमधल्या पोरींनी दाखवलं मला. सगळे माझ्याकडे असे बघतायत, जसं काही मी तुम्हाला रस्त्यावर टाकलंय."

"जोलीन, तू परवा आमच्याशी बोललीस. मी तुला मॉन्युमेंट व्हॅलीचे फोटो पाठवले."

"पण बाबा म्हणतायत ना त्यात की घराची आठवण येते! आई, तुम्ही इकडे या. तळघरातली खोली रिकामी करते मी."

"मला तळघर नको!" मी इतकी ओरडले की बाजूच्या गाडीतल्या माणसाने काच वर केली.

फोन ठेवला आणि ड्वेनकडे वळले. तो स्टिअरिंगच्या बाजूच्या सीटवर नकाशा घेऊन बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तू असं म्हणालास?"

"कसं?"

"घराची आठवण येते. रोज येते."

त्याने नकाशाची घडी घातली. ती त्याला कधीच नीट जमत नाही. "म्हणालो," तो म्हणाला.

मी गाडी सुरू केली. ब्लँडिंगहून हँक्सव्हिलकडे जाणारा रस्ता या सगळ्या मुलखात मला फार आवडतो, लाल कडे दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि पुन्हा दूर जातात, पण त्या दिवशी मला काही दिसलं नाही. कोलोरॅडो नदीवरचा पूल ओलांडल्यावर मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू चिडली असतीस."

"मी आत्ता चिडलेले नाहीये का?"

"म्हणूनच," तो म्हणाला.

"कशाची आठवण येते एवढी? छत गळायचं ते? तळघरात पाणी यायचं ते?"

"एल्रॉयची," तो म्हणाला. एल्रॉय आमचा शेजारी. "सकाळी गॅरेजचं दार वर केलं की तो कप घेऊन यायचा. आम्ही काही बोलायचो नाही फारसं. नुसते उभे राहायचो." मग म्हणाला, "कड्यावर बसलो होतो, तो पोरगा शेजारी कप घेऊन उभा राहिला, आणि आलं तोंडातून. पण मार्लिस, त्याला जोडूनच मी म्हटलं होतं की आज सकाळी मला कोणी पुन्हा विचारलं असतं तर मी पुन्हा हेच केलं असतं. हीच गाडी, हीच बायको. हे त्याने कापलं."

"हीच बायको असं म्हणालास?"

"म्हणालो."

माझा त्याच्यावर विश्वास होता. तरी राग गेला नाही. उलट वाढला. माझा नवरा आपल्या मनातलं जे मला सांगत नाही ते एका परक्या पोराला सांगतो, आणि तो पोरगा त्यातलं अर्धं कापून बाजारात मांडतो. हँक्सव्हिलच्या पंपावर पेट्रोल भरताना एका ट्रकवाल्याने ड्वेनच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "धीर धरा, काका." ड्वेन नुसता मान हलवून "थँक यू" म्हणाला. मी नळी जागेवर आपटली.

तिथेच ग्लेंडाचा फोन आला. तीच पोपटवाली. विधवा आहे, एकटीच गाडी घेऊन फिरते आणि कोण कुठे उतरलंय ते सगळं तिला माहीत असतं.

"अगं, तुझी ती दोघं कॅपिटल रीफला आहेत," ती म्हणाली. "फळबागेत. चेरी तोडतायत. मी आत्ताच टोरी गावात आले, रेंज मिळाल्याबरोबर तुला फोन केला. मी काही बोलले नाही हं त्यांना. तुझ्यासाठी राखून ठेवलंय."

कॅपिटल रीफला लाल कड्यांच्या पायथ्याशी जुन्या वसाहतीच्या बागा आहेत. फळं पिकली की कोणीही शिडी घ्यावी, झाडावर चढून तोडावीत आणि खावीत. आम्ही पोचलो तर टीगन शिडीवर होती आणि कोल्बी खालून तिचं शूटिंग करत होता. मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि सरळ चालत गेले. ड्वेन मागून येत होता.

"मार्लिस!" टीगन वरून ओरडली. खरंच आनंदाने ओरडली. मग तिने माझा चेहरा पाहिला.

"खाली उतर," मी म्हटलं.

"व्हिडिओ पाहिलात का?" कोल्बी म्हणाला. "मॅम, लोकांनी इतकं प्रेम दिलंय. माणसं विचारतायत तुमच्यासाठी काय करता येईल."

"माणसं माझ्या मांडीवर सूपचे डबे ठेवतायत! माझ्या लेकीला ऑफिसात तोंड दाखवायची सोय नाही. कोण म्हणालं तुला की आम्हाला घर नाही?"

"म्हणजे... तसं बघितलं तर घर नाहीच ना तुम्हाला?"

"आणि तुला आहे?" मी त्याच्या व्हॅनकडे हात केला. "तू पण गाडीतच झोपतोस. तू झोपलास की ते स्वातंत्र्य, आणि मी झोपले की दारिद्र्य? का रे? माझे केस पांढरे आहेत म्हणून?"

शेजारच्या झाडांवरची माणसं चेरी तोडायची थांबली होती. कोल्बीने इकडेतिकडे पाहिलं. "तसं काही आमच्या मनात नव्हतं. एक मोठा प्रश्न आहे देशात, त्याला आम्ही चेहरा दिला."

"माझा! माझा चेहरा दिलास! ज्यांना खरंच घर नाही त्यांना जाऊन विचार, देतात का ते चेहरा. मला विचारलंस? केस धुताना विचारलंस?"

मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं आणि तो एकदम खुलला. "आपण असं करू. दुसरा भाग करू. तुमची बाजू. तुम्ही आत्ता जसं बोललात ना, अगदी तसंच पुन्हा बोला." आणि त्याने फोन वर धरला.

ड्वेनला मी इतक्या वर्षांत आवाज चढवताना क्वचित ऐकलंय. बॉयलरवर काम केलेला माणूस, घाई त्याच्या अंगात नाही. तो पुढे आला आणि त्याने आपला पंजा त्या फोनवर ठेवला, सबंध फोन झाकून.

"पोरा," तो म्हणाला, "मी तुला जे सांगितलं ते कॉफी पिताना सांगितलं होतं. माझ्या शेजाऱ्याला सांगावं तसं. मला घराची आठवण येते. तिशीत माझे गुडघे चांगले होते, त्यांचीही येते. म्हणून कोणी मला सूप आणून द्यायचं नसतं." त्याचा आवाज चढत गेला. "आणि माझी बायको केस धूत होती! माझी बायको! तिच्याकडे तसं बघायचा हक्क मला आहे, तुला नाही!"

सगळी बाग ऐकत होती. मी तर बघतच राहिले त्याच्याकडे.

टीगन शिडीवरून उतरली. तिचे ओठ चेरीने लाल झाले होते. "मी काढून टाकते," ती म्हणाली. "चॅनल माझ्या नावावर आहे. पण इथे रेंज नाही."

"टोरीला आहे," मी म्हटलं. "चला."

"आत्ता?"

"आत्ता. बसा गाडीत."

कोल्बी काहीतरी पुटपुटला, पण टीगन निघाली तसा तोही मागून आला. दोघं आमच्या जेवणाच्या टेबलाशी बेल्ट लावून बसली, चार आठवड्यांपूर्वी रोल खात बसली होती तिथेच. मी आरशातून बघत होते. टीगन आजूबाजूला बघत होती, पलंगावरच्या माझ्या आईच्या गोधडीकडे, ओव्हनकडे, फ्रिजवर लावलेल्या जोलीनच्या मुलांच्या फोटोंकडे.

"तुमच्याकडे ओव्हन आहे," ती हळूच म्हणाली.

"रोल काय हवेत भाजले होते?" मी म्हटलं.

ड्वेन खिडकीकडे तोंड करून हसला. मी नाही हसले.

टोरीच्या पंपासमोर गाडी थांबवली. टीगनने माझ्यासमोर व्हिडिओ काढून टाकला आणि फोन माझ्याकडे वळवून दाखवला. "सॉरी, मार्लिस," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. कोल्बी म्हणाला, "ज्यांनी आधीच पुढे पाठवलाय त्यांचं आम्ही काही करू शकत नाही हं." ते त्याने जरा समाधानानेच म्हटल्यासारखं मला वाटलं. मी त्यांना परत बागेत नेऊन सोडलं. चालत जा म्हणायचं माझ्या अगदी जिभेवर होतं, पण ऊन फार होतं.

आणि तो पोरगा म्हणाला ते खरं निघालं. व्हिडिओ अजून फिरतोय. कुठल्या तरी पंपावर, कुठल्या तरी दुकानात एखादी बाई माझ्याकडे मान वाकडी करून बघते, आणि मी ओळखते. आता मीच आधी विचारते, "काय झालं, मान अवघडली का?"

त्या उन्हाळ्यात आम्ही वायोमिंगला जाणार होतो. बागेपासून निघताना मीच गाडी पूर्वेला वळवली. ड्वेनने नकाशा काढला, पाहिलं आणि विचारलं, "कुठे निघालीस?"

"एल्रॉयकडे."

वॉपेटनला पोचेपर्यंत ड्वेनने माझ्या एकाही वळणाला नाव ठेवलं नाही.

एल्रॉयच्या अंगणात गाडी लावली. आमचं जुनं घर शेजारीच. नव्या लोकांनी त्याला हिरवा रंग दिलाय, कुंपणही घातलंय. ड्वेन पहिल्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, परत आला आणि म्हणाला, "छत अजून गळत असणार." त्यापुढे त्याने तिकडे पाहिलंच नाही. सकाळी एल्रॉय गॅरेजचं दार वर करायचा आणि दोघं कप घेऊन उभे राहायचे. नुसते उभे! मी खिडकीतून बघायचे. मला वाटायचं, असं काय आहे यात? मग मी बघायचं सोडलं.

"राहायचं का इथेच?" मी एकदा विचारलं. मनापासून विचारलं.

"बीट निघेपर्यंत," तो म्हणाला.

ऑक्टोबरमध्ये बीट निघाले. दर वर्षी त्या कामाला देशभरातून आमच्यासारखीच गाड्यांत राहणारी माणसं येतात. सगळं गाव गाड्यांनी भरून गेलं. ड्वेन बीटाचे ढीग रचणाऱ्या यंत्रावर उभा राहिला, मी ट्रकना जागा दाखवायला. हातवारे करायची पाळी या वेळी माझी होती. आम्ही चिखलाने माखून घरी यायचो, आणि घर म्हणजे अर्थातच गाडी.

तरी रविवारी चर्चच्या हॉलमध्ये बर्निस माझ्याशेजारी येऊन बसली. आमच्याच गल्लीतल्या हॉवर्डची बायको, जन्मभर ओळखते मला. तिने आवाज बारीक केला. "मार्लिस, आम्ही बायकांनी तुमच्यासाठी थोडं सामान जमवलंय. लाज वाटून घेऊ नकोस."

"बर्निस, तू माझ्या घरातल्या सामानाच्या विक्रीला आली होतीस. माझा सोफा तूच नेलास."

"हो गं, पण परिस्थिती काय सांगून येते? तो व्हिडिओ पाहून हॉवर्डसुद्धा—"

मी उठले आणि कॉफीच्या टेबलाकडे गेले. नाहीतर चर्चमध्ये बोलू नये ते बोलले असते.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी ड्वेन बाहेर जाऊन टायरांची हवा बघत होता. आत येऊन त्याने बूट झटकले. "चल, निघू," तो म्हणाला. "हे उपसायला मी थांबणार नाही."

"आणि एल्रॉय?"

"त्याला सांगितलंय. वसंतात येतो म्हटलं. त्याआधी मार्चमध्ये तो येणार आहे आपल्याकडे, ॲरिझोनाला. ग्लेंडाच्या पोपटाला भेटायचंय म्हणतो."

एल्रॉय रस्त्यावर उभा राहून हात हलवत होता आणि मी गाडी बाहेर काढत होते. तेवढ्यात बर्निस शाल लपेटून धावत आली आणि तिने माझ्या काचेवर टकटक केली. मी काच खाली केली.

"या असल्या थंडीत निघालात!" ती म्हणाली. "कसं होणार गं तुमचं?"

"बर्निस," मी म्हटलं, "तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं?"

ती गोंधळली. "हॉवर्डचं गॅरेज. का?"

"काही नाही. सहज विचारलं." मी काच वर केली. ड्वेन म्हणाला, "मार्लिस, डावीकडे बघ, खांब आहे." मी म्हटलं, "तुझ्या डावीकडे की माझ्या?" आणि गाडी दक्षिणेला घेतली.